खाणीच्या आधी शिवाराची मोजदाद
(वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे)

एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राकडे जाणाऱ्या कोळशाच्या वाघिणी नाशिकरोडकरांना नवीन नाहीत. कोळशाच्या खाणींपायी ज्यांच्या जमिनी जायच्या आहेत, अशा विदर्भातल्या गावांशी नातेसंबंध असलेली कुटुंबेही आपल्या शहरात पुष्कळ आहेत. गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकच गोष्ट विचारतात: खाण येण्याआधी आपली जमीन, पाणी, झाडे, घर आणि वहिवाट यांची नोंद कशी करून ठेवायची? निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यात आमची साडेसात एकर वडिलोपार्जित जमीन आहे (दिंडोरीची वणी नव्हे). धाकटा भाऊ ती कसतो. कोळशासाठी अधिसूचना निघाली आहे आणि गावात बोअरची गाडी आली आहे. आता काय काय नोंदवावे आणि कोणत्या क्रमाने? (एक वाचक, नाशिकरोड)

उत्तर : सगळ्यात आधी अधिसूचनेची प्रत मिळवा आणि ती कोणत्या कायद्याखाली निघाली आहे ते वाचा. पुढच्या सगळ्या मुदती त्यावर ठरतात. वेस्टर्न कोलफील्ड्ससारख्या सरकारी कंपनीसाठी सहसा कोळसाधारी क्षेत्र (संपादन व विकास) अधिनियम, १९५७ वापरतात. त्यात कलम ४ ची अधिसूचना म्हणजे ‘येथे कोळसा शोधणार’, कलम ७ म्हणजे ‘जमीन घेण्याचा इरादा आहे’ आणि कलम ९ म्हणजे संपादनाची घोषणा. कलम ४ नंतर कलम ७ ची अधिसूचना दोन वर्षांत निघावी लागते, आणि सरकार ही मुदत आणखी एक वर्ष वाढवू शकते. कलम ७ निघाली की हरकतीसाठी फक्त ३० दिवस मिळतात. लिलावात खासगी कंपनीला मिळालेल्या खाणीसाठी २०१३ च्या भूसंपादन कायद्याने जमीन घेतली जात असेल, तर प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकतीला ६० दिवस असतात. भरपाई आणि पुनर्वसनाच्या २०१३ च्या तरतुदी २०१५ पासून १९५७ च्या कायद्याखालच्या संपादनालाही लागू आहेत.

बोअरची गाडी आली आहे, त्यावरून तुम्ही बहुधा कलम ४ च्या टप्प्यावर आहात. म्हणजे निदान एक खरीप आणि एक रब्बी हंगाम हाताशी असण्याची शक्यता आहे. तो वाया घालवू नका. कलम ७ निघाल्यावर ३० दिवसांत सगळे जमवू म्हणणाऱ्यांची अर्धी नोंद राहते, कारण विहिरीची उन्हाळ्यातली पातळी दिवाळीत मोजता येत नाही.

कागद आधी. सातबारा निदान दहा वर्षांचा, ८अ, सगळे फेरफार, गटाचा नकाशा. वडील हयात नसतील आणि वारसनोंद राहिली असेल, तर हातातली इतर सगळी कामे सोडून ती आधी करा. मृताच्या नावावर निघालेली नोटीस कोणालाच मिळत नाही. त्यानंतर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्या आणि मोजणीची ‘क’ प्रत घ्या. साडेसात एकर म्हणजे ३ हेक्टर ३.५ आर. सातबाऱ्यावर, आकारबंदात (भूमी अभिलेखाकडची गटाच्या क्षेत्राची नोंद) आणि प्रत्यक्ष मोजणीत हाच आकडा येतो का ते ताडून पाहा. वेस्टर्न कोलफील्ड्सची मूळ कंपनी असलेल्या कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी असा हिशेब आहे, त्यामुळे काठावरच्या खातेदाराला पाच-दहा गुंठ्यांचा फरकही भारी पडतो. पोटखराब (लागवडीस अयोग्य) म्हणून लिहिलेला तुकडा प्रत्यक्षात पिकाखाली असेल तर तोही आताच दाखवून द्या.

मोबाइल घेऊन बांधावरून चालत क्षेत्र मोजण्याची पद्धत पसरली आहे. अंदाजासाठी ती ठीक आहे, दाव्यासाठी नाही. चौरस एक एकराची बाजू सुमारे ६३.६ मीटर असते. तुम्ही चारही बाजूंनी तीन मीटर बाहेरून चाललात, तर एकराचे क्षेत्र जवळपास २० टक्क्यांनी फुगते. झाडाखाली मोबाइलचे स्थान याहूनही जास्त चुकते.

आता शेतात. विहिरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. व्यास, बांधीव खोली, एकूण खोली, कठड्याची उंची, पंपाची अश्वशक्ती, वीजजोडणीचा ग्राहक क्रमांक लिहा. पाण्याची पातळी मे महिन्यात आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरमध्ये मोजा. वजन बांधलेली दोरी कठड्यावरून सोडा, पाण्याला टेकली की खूण करा, आणि आलेल्या मापातून कठड्याची उंची वजा करा. ही वजाबाकी विसरली जाते आणि शेजारच्या दोन विहिरींच्या नोंदी जुळत नाहीत. मोजायच्या आधी पंप निदान आठ-दहा तास बंद हवा. त्याच दिवशी पंप चालवून विहीर किती वेळात उपसते आणि पुन्हा किती तासांत भरते हेही लिहून ठेवा. उघडी खाण कोरडी राखण्यासाठी पाणी सतत उपसले जाते आणि खाणीचा तळ आसपासच्या विहिरींच्या तळाहून पुष्कळ खाली असतो, म्हणून भूजलाचा उतार खाणीकडे वळतो. पाच वर्षांनी तुमची विहीर आटली आणि आधीचा आकडाच नसला, तर ‘ती पूर्वीपासून उन्हाळ्यात आटायची’ या म्हणण्याला उत्तर उरत नाही. पाण्याचा एक नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या: सामू, एकूण विरघळलेले क्षार, कठीणपणा, सल्फेट, लोह, फ्लोराइड. सल्फेट वगळू नका. कोळशातल्या गंधकयुक्त खनिजांना हवा-पाणी लागले की पाण्यात पहिल्यांदा तेच वाढते.

जमिनीखालची पाइपलाइन संयुक्त मोजणीच्या दिवशी कोणालाच दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते पंचनाम्यात येत नाही. समृद्धी महामार्गाच्या वेळी सिन्नर-इगतपुरीकडे संयुक्त मोजणी पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. पाइपलाइनची दोन्ही टोके उकरून ठेवा, पाइपाचा व्यास आणि लांबी टेप लावून फोटोत घ्या, खरेदीचे बिल जोडा. ठिबक अनुदानावर घेतले असेल तर त्या प्रकरणाची प्रतही लावा.

झाडांना गेरूने क्रमांक टाका. जात, जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवरचा घेर, फळझाड असेल तर वय आणि ते धरते की नाही, एवढे लिहा. सागाचे मूल्यांकन लाकडावर होते, आंब्याचे उत्पन्नावर, म्हणून दोन्ही एका रकान्यात कोंबू नका. धुऱ्यावरच्या झाडांसाठी (तिकडे बांधाला धुरा म्हणतात) शेजाऱ्याबरोबर बसून कोणते कोणाचे ते लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. भरपाईच्या वेळी सख्खे भाऊ सुद्धा यावरूनच भांडतात. अधिसूचनेनंतर घाईने रोपे लावू नका, खोल्या उठवू नका. त्यामुळे तुमची वीस वर्षांची झाडेही संशयात येतात.

शेवटी बोअरची गाडी. कलम ४ नंतर अधिकाऱ्यांना शेतात जाता येते, भोक पाडता येते, गरज पडल्यास पीकही कापता येते. घरात किंवा घराला लागून असलेल्या कुंपणाच्या आवारात, बागेत शिरायचे असेल तर मात्र तुमची संमती किंवा ७ दिवसांची लेखी सूचना लागते. झालेल्या नुकसानीची भरपाई कलम ६ मध्ये आहे. गाडी शेतात उतरण्याच्या आधी उभ्या पिकाचा फोटो घ्या. काम संपल्यावर चाकोऱ्यांची लांबी-रुंदी, गाळाचा चिखल किती चौरस मीटरवर पसरला, भोक बुजवले की नाही हे त्याच दिवशी लिहून पोलीस पाटील किंवा सरपंचांची सही घ्या. उघडे भोक राहिले असेल तर लेखी तक्रार ताबडतोब करा, त्यात जनावराचा पाय जातो.

प्रश्न : मावशीच्या शेतात दरवर्षी तूर आणि हरभरा होतो, पण सातबाऱ्यावर तीन वर्षे पीक दिसतच नाही, ‘पडीक’ लिहिले आहे. हे बदलता येईल का? (पंचवटी)

उत्तर : कारण बहुधा ई-पीक पाहणीत आहे. २०२१ पासून पिकाची नोंद खातेदाराने स्वतः मोबाइलवरून, शेतात उभे राहून, हंगामाच्या मुदतीत करायची असते. मुदत गेली की रकाना कोरा राहू शकतो. वयस्कर खातेदार, गावात नेटवर्क नाही, जमीन बटईने दिलेली, अशा ठिकाणी हे सर्रास घडते. बटईदाराने पेरले तरी नोंद खातेदाराच्या खात्यातूनच व्हावी लागते.

मागचे हंगाम जसेच्या तसे भरून मिळतील अशी आशा धरू नका. चालू हंगाम मात्र चुकवू नका, आणि पीक उभे असतानाच ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे तलाठी) स्थळपाहणीचा लेखी अर्ज द्या, पोच घ्या. गेल्या तीन वर्षांसाठी आडवाटेचे पुरावे गोळा करा: सोसायटीचे पीककर्ज, पीकविम्याच्या पावत्या, बाजार समितीच्या काटापट्ट्या, बियाण्या-खतांची बिले, शेतपंपाची वीजबिले. त्यात गट क्रमांक असलेला कागद सर्वांत उपयोगी. त्यासोबत त्या-त्या वर्षीच्या जानेवारीतली उपग्रह प्रतिमा जोडता येते. ती कोणती घ्यायची हे पुढच्या एका उत्तरात आहे. सगळे तहसीलदारांकडे एकाच अर्जाने द्या. दुरुस्ती झाली नाही तरी हा अर्ज पुढे हरकतीला जोडता येतो.

प्रश्न : माझ्या बहिणीच्या गावात निम्मी कुटुंबे भूमिहीन आहेत. कोणी सालदार, कोणी शेळ्या चारतो, कोणी मोह-तेंदू गोळा करतो. सर्वेक्षणाला आलेले लोक फक्त सातबारा मागतात. यांची नोंद कशी होणार? (ओझर)

उत्तर : या सगळ्या पत्रांत आम्हाला महत्त्वाचा वाटलेला प्रश्न हाच. २०१३ च्या कायद्यात ‘बाधित कुटुंब’ म्हणजे फक्त जमीनमालक नव्हे. संपादनाच्या आधी तीन वर्षे त्या भागात शेतमजुरी, कूळवहिवाट, बटई किंवा कारागिरी करून जगणारे, ज्यांचे मुख्य उत्पन्न त्यावरच आहे, तेही त्यात येतात. जंगल किंवा पाण्यावर जगणारे येतात: वनोपज गोळा करणारे, मासेमारी करणारे, नाव चालवणारे. अडचण ‘तीन वर्षे’ सिद्ध करण्याची आहे. सालदाराचा करार तोंडी असतो, शेळ्या चारणाऱ्याला कोणी पावती देत नाही.

म्हणून गावाने एक वही घालावी. प्रत्येक कुटुंबाला एक पान: कोण, कोणत्या महिन्यात, कोणत्या जागी, काय करते, वर्षाला अंदाजे किती. उदाहरणार्थ, मोहफुले मार्च-एप्रिलमध्ये, तेंदूपाने एप्रिल-मे महिन्यांत, कपाशीची वेचणी ऑक्टोबरपासून. जागेसाठी गट क्रमांक आणि गावातले नाव दोन्ही लिहा. पानाच्या मागे कागद: रेशनकार्ड, रोजगार हमीचे जॉबकार्ड, तेंदू संकलनाचे कार्ड, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधली घराची नोंद, मुलांचा शाळेचा दाखला. सालदारासाठी मालकाचे लेखी पत्र घ्या. बरेच मालक ‘कूळ लागेल’ या भीतीने पत्र देत नाहीत. त्यावर वार्षिक मजुरी आणि कामाचे स्वरूप स्पष्ट लिहिलेले मजुरीचे पत्र हा मधला मार्ग आहे. वही ग्रामसभेत वाचून दाखवा, ठराव करा आणि ठरावाची नक्कल तहसील व उपविभागीय कार्यालयात देऊन पोच घ्या.

सामाईक जमिनीच्या बाबतीत एक गोष्ट नाशिककरांना सहसा माहीत नसते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत विदर्भासाठी निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज अशी वेगळी तरतूद आहे. गावाच्या बिनभोगवट्याच्या जमिनीतून गुरे चारणे, जळण, माती-मुरूम, दहन-दफन, वाट, पाणी यांचे हक्क त्यात नोंदलेले असतात. बहिणीच्या गावचे निस्तारपत्रक तहसीलमधून मागवा. सर्वेक्षणात ‘पडीक’ ठरलेल्या गटावर निस्तारपत्रकात गुरचरण, आखर (गावची गुरे जमा होण्याची जागा) किंवा स्मशान लिहिलेले असते, असे पुष्कळदा आढळते. गावाला लागून वनजमीन असेल तर वनहक्क कायदा, २००६ खाली सामूहिक दावा दाखल आहे का तेही पाहा. सुरगाणा-पेठकडे ही प्रक्रिया अनेकांच्या परिचयाची आहे. पद्धत तीच.

वहीत शब्द गावातलेच ठेवा. आपल्याकडची शिवाररस्त्याची वाट तिकडे ‘पांदण’ असते. नाशिकहून गेलेल्या मदतनीसाने आपल्या शब्दांत लिहिले की गावकऱ्यांनाच ते पान परके वाटते आणि चूक कोणी दाखवत नाही.

प्रश्न : नाशिक जिल्ह्यात कोळसा निघू शकतो का? (गंगापूर रोड)

उत्तर : आपल्या पायाखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा जाड बेसॉल्ट आहे. लाव्हात कोळसा तयार होत नाही. वर्धा खोऱ्यातला कोळसा गोंडवन काळातल्या, पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या गाळाच्या खडकांत आहे आणि तिकडे बेसॉल्टचे आवरण पातळ आहे किंवा नाहीच. येथे खाण म्हणजे दगडाची किंवा मुरुमाची. त्याबद्दल खाली.

प्रश्न : मी भूगोलाच्या पदव्युत्तर वर्गात आहे. भद्रावती परिसरातल्या एका प्रस्तावित खाणीभोवतीचा भूवापर उपग्रह प्रतिमांवरून नकाशात आणायचा आहे. कोणत्या प्रतिमा घ्याव्यात आणि चुका कुठे होतात? (कॉलेज रोड)

उत्तर : आधी सीमा. पर्यावरण अहवालात खाणपट्टा हा गाभा आणि त्याभोवती १० किलोमीटरचा पट्टा धरतात. दहा किलोमीटर केंद्रबिंदूपासून नव्हे, खाणपट्ट्याच्या कडेपासून मोजा. खाणपट्टा दोन बाय अडीच किलोमीटरचा असेल, तर कडेपासून मोजल्यावर एकूण क्षेत्र सुमारे ४०९ चौरस किलोमीटर होते, केंद्रापासून ३१४. फरक शंभराच्या घरात आहे आणि त्यात काही गावे अख्खी सुटू शकतात.

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या प्रतिमा मोफत मिळतात, २०१५ पासूनच्या. चित्रपेशी (पिक्सेल) १० मीटरची, म्हणजे एक चित्रपेशी बरोबर एक आर. सातबाऱ्याशी पडताळायला हे फार सोयीचे. पण वीस गुंठ्यांचे शेत जेमतेम साडेचार बाय साडेचार चित्रपेशींचे असते आणि कडेच्या पेशींत बांध, झाड, शेजारचे पीक मिसळते. एवढ्या लहान तुकड्यांचे पीक प्रतिमेवरून ठामपणे सांगू नका. जुना काळ दाखवायचा तर लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांच्या प्रतिमा घ्या. त्यांची चित्रपेशी ३० मीटरची, पण मालिका १९८० च्या दशकापासून सलग मिळते.

एका तारखेच्या प्रतिमेवर काम करू नका. निदान तीन घ्या: ऑक्टोबरचा शेवट, जानेवारीचा शेवट, मेचा मध्य. ऑक्टोबरअखेर सोयाबीन निघालेले असते आणि ते शेत उघडे दिसते, तर शेजारची कपाशी आणि तूर हिरवी असते. फक्त ही प्रतिमा घेतली तर सोयाबीनवाला ‘पडीक’ ठरतो. जानेवारीत त्याच शेतात हरभरा किंवा गहू दिसतो. मेमध्ये हिरवे राहते ते ओलिताचे, आणि तलावात खरे किती पाणी टिकते ते कळते. गायरान मेमध्ये ओसाडच दिसते, म्हणून त्याचे वर्गीकरण मेवरून कधीच करू नका. हे तीन महिने तीन वर्षांचे घेतलेत तर पिकांची फेरपालटही पकडता येते.

नेहमीची फसगत सांगतो. ओली काळी माती अवरक्त पट्ट्यात इतकी गडद दिसते की संगणक तिला पाणी समजतो. कोळशाचे साठे आणि कोळशाने माखलेले रस्तेही तसेच. जुन्या खाणीच्या माती-दगडाच्या ढिगाऱ्यांवर (तिकडे ‘ओबी’ म्हणतात) झुडपे उगवलेली असतील तर ते ‘वन’ म्हणून मोजले जातात आणि नकाशात जंगल वाढल्याचे दिसते. बांधावरची सलग झाडे लहान शेतांना ‘विरळ वन’ करून टाकतात.

प्रत्यक्ष पडताळणीसाठी प्रत्येक वर्गाचे निदान ५० बिंदू घ्या, रस्त्याच्या कडेचेच नकोत. बिंदू शेताच्या आत, बांधापासून २० मीटर दूर असू द्या. नकाशा काय म्हणतो ते ओळींत, जागेवर काय सापडले ते रकान्यांत, असा तक्ता करा. एकूण अचूकता ८५ टक्के आली म्हणून थांबू नका, प्रत्येक वर्गाची वेगळी पाहा. गहू-हरभरा ९५ टक्के बरोबर आणि गायरान ४० टक्के असे असू शकते, आणि गावाचे नुकसान त्या चाळीसमध्येच होते.

एक विनंती. ‘ओसाड जमीन’ हा वर्ग शेवटच्या नकाशात ठेवू नका. त्याचे तुकडे करा: गुरचरण, खळे, स्मशान, वीटभट्टी, मुरुमाचा खड्डा, आखर, आणि खरोखर ज्याचा कोणी वापर करत नाही ती जागा. त्यासाठी गुराख्याबरोबर दोन दिवस हिंडावे लागेल, संगणकावर हे कळत नाही.

प्रश्न : मोबाइलवरचे फोटो पुरावा म्हणून चालतात का? (सातपूर)

उत्तर : चालतात, नीट ठेवले तर. कॅमेऱ्यात स्थाननोंद सुरू करा. प्रत्येक वस्तूचे दोन फोटो घ्या: एक लांबून, ज्यात ओळखू येणारी खूण (देऊळ, खांब, टाकी) असेल, आणि एक जवळून, शेजारी टेप लावून. पाटीवर गट क्रमांक, तारीख, दिशा लिहून ती फोटोत धरा. फोटो कापू नका, उजळ करू नका. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो आणि त्यातली स्थाननोंद निघून जाते. पाठवायचाच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. मूळ फाइल मोबाइलमधून पुसू नका, शिवाय दोन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवा.

न्यायालयात द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते. १ जुलै २०२४ पासून हा कायदा लागू आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, एक फोटो देणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य लिहावे लागते. फाइलचा तो ठसा असतो. फाइलमध्ये एक बिंदू बदलला तरी आकडा बदलतो. म्हणून फोटो काढले त्याच आठवड्यात हॅश काढून वहीत लिहून ठेवा.

प्रश्न : काकांचे घर प्रस्तावित खाणीच्या हद्दीपासून चारशे मीटरवर आहे. सुरुंगांनी भिंतींना तडे जातील अशी भीती वाटते. आधी काय करावे? (देवळाली)

उत्तर : प्रत्येक खोलीच्या चारही भिंती, छत आणि जोते यांचे फोटो घ्या, तडा नसलेल्या भिंतीचेही. असलेल्या तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख लिहा, रुंदी तीन ठिकाणी मोजा. तड्यावर आडवा प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ पट्टा लावा. भिंत हलली की तो तडकतो.

हे मेमध्ये आणि सप्टेंबरमध्ये असे दोनदा करा. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते आणि तिच्यावरची घरे सुरुंगाशिवायही तडकतात. दोन्ही ऋतूंची नोंद असली तरच ऋतूचा तडा आणि नवा तडा वेगळा काढता येतो. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकाप्रमाणे, खाणमालकाच्या मालकीच्या नसलेल्या साध्या घरांसाठी जमिनीच्या कंपनाची मर्यादा ८ हर्ट्झपेक्षा कमी वारंवारितेला सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ हर्ट्झला १० आणि त्यापुढे १५ मिलिमीटर आहे. पहिल्या सुरुंगापासून काकांच्या घराजवळ कंपनमापक ठेवावा, अशी लेखी मागणी आताच करा.

प्रश्न : सिन्नर तालुक्यात आमच्या डोंगराला लागून दगडखाण आणि खडी क्रशर येणार असल्याचे ऐकतो. कोळशाच्या खाणीसाठी सांगितलेली पद्धत इथे वापरता येईल का? (सिन्नर)

उत्तर : वापरता येईल, पण भर वेगळ्या गोष्टींवर द्या. दगड गौण खनिज आहे. त्याला राज्याचे २०१३ चे गौण खनिज नियम लागू होतात. येथे जमीन जाण्यापेक्षा धूळ, हादरे आणि झरे हे मोठे विषय आहेत. डोंगरउतारावरचा प्रत्येक झरा नकाशावर टाका आणि महिन्यातून एकदा, ठरलेल्या मापाची बादली भरायला किती सेकंद लागतात ते लिहा. दहा लिटरला चाळीस सेकंद म्हणजे मिनिटाला पंधरा लिटर. नोव्हेंबर ते मे हे आकडे सलग असावेत.

द्राक्षबागा असतील तर धुळीची नोंद क्रशर येण्याआधीच सुरू करा. बागेत ठरलेल्या पाच वेलींवर, फवारणीच्या आधी, पानांचे आणि घडांचे फोटो आठवड्याला घ्या आणि वाऱ्याची दिशा लिहा. फवारणीनंतरच्या पांढऱ्या डागांना कोणी धूळ म्हणते आणि धुळीला कोणी औषधाचे डाग, म्हणून फवारणीची वही सोबत असलीच पाहिजे. जिल्ह्याच्या खनिज सर्वेक्षण अहवालात तुमचा गट दाखवला आहे का ते जिल्हा खनिकर्म कार्यालयात पाहा.

प्रश्न : जनसुनावणीची नोटीस आली आहे. कंपनीच्या पर्यावरण अहवालात आमच्या सासरच्या गावचे गायरान ‘पडीक’ दाखवले आहे. तेथे बोलून उपयोग होतो का? (इंदिरानगर)

उत्तर : होतो, पण लेखी द्या. सुनावणीची नोटीस निदान ३० दिवस आधी निघते. अहवालाचा मसुदा आणि मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत अशा ठिकाणी पाहायला ठेवावा लागतो. पहिल्याच आठवड्यात जाऊन भूवापराचा तक्ता आणि नकाशा असलेली पाने मिळवा. माहिती कोणत्या महिन्यांत गोळा केली ते शोधा. ती सहसा पावसाळा सोडून एकाच हंगामातली असते, आणि तीन वर्षांपेक्षा जुनी असू नये असा दंडक आहे. ती उन्हाळ्यातली असेल तर ‘पडीक’ कुठून आले हे तेथेच उघड होते.

हरकत गटवार लिहा. डावीकडे अहवालातले पान आणि विधान, मध्ये गट क्रमांक, उजवीकडे खरा वापर, महिने आणि जोडलेला पुरावा. ‘आमचे गायरान नष्ट होईल’ एवढे वाक्य इतिवृत्तात जाते आणि तेथेच राहते. ‘गट अमुक, १२ हेक्टर, जुलै ते फेब्रुवारी सुमारे ३०० गुरे चरतात, निस्तारपत्रकाची नक्कल जोडली आहे’ असे लिहिले की अहवाल दुरुस्त करावा लागतो किंवा का केला नाही ते सांगावे लागते. सुनावणीचे चित्रीकरण होते. बोलताना गट क्रमांक स्पष्ट उच्चारा, म्हणजे तो त्यातही येईल. अर्ज प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात आधी देऊन पोच घ्या, दुसरी प्रत सुनावणीत द्या, आणि सुनावणी संपताना इतिवृत्त वाचून दाखवतात तोवर मंडपातून उठू नका. तुमची हरकत चुकीची उतरवली गेली असेल, तर ती सांगायची जागा तीच.